खजूर काढून टाकला आहे : आंब्याच्या थंड रोसावरील प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘साखर न घालता आंब्याचा थंड रोस’ (नारळाच्या रोसात, म्हणजे खवलेला नारळ पिळून काढलेल्या दुधात, आंब्याचा गर कालवून केलेले गोड) या माझ्या लेखावर आपण पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया मी आली त्याच दिवशी वाचली. उत्तर द्यायला मात्र चार दिवस थांबले, कारण त्यातल्या दोन मुद्द्यांवर काही लिहिण्याआधी तो पदार्थ पुन्हा करून पाहणे मला आवश्यक वाटले. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगते. मथळ्यात ‘साखर न घालता’ असे लिहायचे आणि आत 100 ग्रॅम खजूर वाटून घालायला सांगायचा ही दिशाभूल आहे, आणि घरात मधुमेही माणूस असेल तर ती धोक्याची आहे, हा आपला पहिला आक्षेप. माझ्या कृतीप्रमाणे केलेला रोस ढवळताना चांगला लागला, पण फ्रिजमधून काढल्यावर सपक आणि आंबटसर झाला, हा दुसरा. त्यानंतर आपण आंब्याऐवजी अननस घेऊन दही आणि जिलेटिन घालून पाहिले, तेव्हा ते घट्ट झाले नाही आणि वर कडूही झाले. शेवटी आपण विचारले आहे की गोव्यातल्या आपल्या आज्या-पणज्या अशा गोडात माडाचा गूळ घालत आल्या, मग त्यांचे काय चुकले होते? रविवारी बारा माणसांचे शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण आहे आणि गोडाचे अजून ठरलेले नाही, असेही आपण जाता जाता लिहिले आहे. त्याकडेही मी येणार आहे.

पहिल्या मुद्द्यावर आपले बरोबर आहे. जो हिशेब मी लेख लिहिताना करायला हवा होता, तो आपली प्रतिक्रिया वाचल्यावर केला. पिकलेल्या आंब्याच्या 100 ग्रॅम गरात साधारण 14 ग्रॅम साखर असते आणि 100 ग्रॅम खजुरात साधारण 65 ग्रॅम. माझ्या कृतीत सहा वाट्यांसाठी 500 ग्रॅम आंब्याचा गर होता. म्हणजे आंब्यातून 70 ग्रॅम साखर येत होती आणि खजुरातून 65 ग्रॅम. ज्या पदार्थाची मी ‘फळाच्या अंगच्या गोडीचा’ म्हणून ओळख करून दिली, त्यातली जवळजवळ निम्मी गोडी आंब्याची नव्हतीच. खजुराच्या जागी चहाचे पंधरा-सोळा चमचे साखर घातली असती, तरी तेवढीच भर पडली असती. खजूर हेही फळच आहे, त्यात तंतू आणि खनिजे आहेत, हे खरे. परंतु वाटून पातेल्यात गेल्यावर तो साखरेचेच काम करतो आणि त्याला साखर न म्हणण्याने खाणाऱ्याच्या रक्ताला काही फरक पडत नाही.

तेव्हा लेखाचा मथळा मी बदलला आहे, आणि ‘मधुमेहींनीही निर्धास्तपणे खावे’ हे वाक्य काढून टाकले आहे. ते वाक्य लिहायला नको होते. आंब्याची साखर ही साखरच आहे, आणि ज्यांना ती मोजून खावी लागते त्यांनी ती वाटी दिवसाच्या हिशेबात कुठे बसते हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. तरीसुद्धा फळातली साखर आणि वरून घातलेली साखर यांत भेद करण्याला आधार आहे, तो एवढ्यासाठी सांगते की माझा सगळा प्रयत्न त्या भेदावर उभा होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेविषयी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत वरून घातलेली साखर, मध, पाक, फळांचा रस आणि आटवलेला रस यांतली साखर एका गटात धरली आहे, आणि अख्ख्या ताज्या फळातली साखर त्या गटाबाहेर ठेवली आहे. त्या गटातली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, आणि 5 टक्क्यांच्या खाली, म्हणजे मोठ्या माणसासाठी साधारण 25 ग्रॅमच्या आत, आणता आली तर अधिक बरे, असे त्या सूचना सांगतात. म्हणून फळ जितके फळासारखे राहील, म्हणजे गाळलेले, आटवलेले, पिळून काढलेले नसेल, तितके बरे, असे मी मानते. खजूर वाटून घालणे हे माझ्याच मानण्याच्या विरुद्ध होते.

मग मी तो घातलाच का? या प्रश्नाचा विचार करताना मला जे आठवले, ते सांगितल्याशिवाय आपल्या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर पुरे होणार नाही. तो लेख मी एप्रिलच्या सुरुवातीला लिहिला. त्या वेळी घेतलेले आंबे बाहेरून सगळीकडे सारखे पिवळे दिसत होते, पण कापल्यावर कोयीजवळचा गर फिकट आणि चिवट निघाला आणि चवीला आंबट होता. आंबे वाया जाऊ नयेत म्हणून मी गर वाटून त्यात खजूर घातला, चव जमली, आणि ती मापे तशीच लेखात उतरवली. म्हणजे तो खजूर कच्च्या आंब्यावर घातलेले पांघरूण होता, आणि मी ते पांघरूणच कृती म्हणून वाचकांच्या हाती दिले. वेगळी साखर न घालता गोड करायचे असेल, तर फळ निवडणे आणि ते पूर्ण पिकू देणे हीच त्यातली खरी पाककृती आहे, आणि लेखात मी नेमके तेच दोन ओळींत उरकले होते. ते आता नीट लिहिते.

आपला गोव्याचा मानकुराद आंबा रंगावरून निवडता येत नाही. त्याच्या नावातच हे आहे : पोर्तुगीजांनी त्याला ‘माल कोराद’, म्हणजे रंगाने वाईट, असे म्हटले आणि त्याचेच आपल्या तोंडी मानकुराद झाले. त्याची साल एकसारखी रंगत नाही. कुठे पिवळी, कुठे हिरवट, कुठे ठिपके, असाच तो पिकतो. 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि नाव सर्वदूर पोहोचले, पण बाजारात उभे राहिल्यावर अजूनही हात जातो तो पिवळ्याधमक फळाकडेच. झाडावर पूर्ण भरलेल्या आंब्यात पीठ असते, म्हणजे स्टार्च. तोडल्यानंतर पिकता पिकता त्या पिठाची साखर होते आणि आंबटपणा उतरतो. या बदलाला दिवस लागतात. कोवळा आंबा कार्बाइडने पिकवला तर साल पिवळी होते, पण आत पीठ भरलेलेच नसते, तर साखर येणार कुठून? कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्याला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. तरी घेणाऱ्याने नाकाचा उपयोग करावा हे उत्तम. आंबा देठाच्या बाजूने नाकाजवळ धरावा. पिकलेल्या मानकुरादचा वास तिथे दाट आणि गोड येतो. कार्बाइडच्या आंब्याला तिथे काहीच वास नसतो. देठाभोवतीचे खांदे भरून वर आलेले असावेत, आणि अंगठ्याने हलकेच दाबले असता फळ किंचित आत जावे.

कडक आंबे घरी आणून भाताच्या तणात, म्हणजे वाळलेल्या पेंढ्यात, किंवा वर्तमानपत्राच्या कागदात, देठाची बाजू खाली करून, एकावर एक न रचता ठेवावेत. पिकण्याआधी ते फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीने पिकणे थांबते आणि मग बाहेर काढल्यावरही ते नीट पिकत नाहीत, साल काळवंडते आणि गर बेचव राहतो. ही चूक अनेक घरांत होते. आपण आंबे आणल्या आणल्या फ्रिजमध्ये ठेवले होते का, हे आपल्या प्रतिक्रियेवरून कळत नाही. ठेवले असतील तर आंबटपणाचे निम्मे कारण तिथेच असावे.

उरलेले कारण माझ्या कृतीत आहे, आणि ते मला या शनिवारी सापडले. चांगले पिकलेले मानकुराद घेऊन मी तीन वाट्या केल्या. पहिलीत जुनी कृती, फक्त खजूर वगळून. दुसरीत गराचा एक तृतीयांश भाग मंद आचेवर आटवून घातला, की पाणी कमी होऊन गोडी दाट व्हावी. तिसरीत काही न आटवता नारळाचा पातळ रोस, म्हणजे दुसऱ्या पिळणीचे दूध, पूर्णपणे काढून टाकला, फक्त पहिला दाट रोस घेतला, आणि गरातला थोडा भाग वाटण्याऐवजी बोटाच्या पेराएवढे तुकडे करून तसाच सोडला. तिन्ही वाट्या तीन तास फ्रिजमध्ये ठेवल्या आणि सासूबाईंना, कोणती कशी हे न सांगता, चाखायला दिल्या.

पहिली वाटी त्यांनी एका चमच्यानंतर बाजूला ठेवली. ती पाणचट होती, आणि दोष आंब्याचा नव्हता : जुन्या कृतीत मी दाट आणि पातळ मिळून अर्धा लिटर रोस घालायला सांगितले होते, म्हणजे आंब्याच्या बरोबरीने रोस, आणि खजूर काढल्याबरोबर त्या पाण्याचे ओझे उघडे पडले. दुसरी गोड होती, पण त्यांनी लगेच विचारले, “हे मांगाड घातलेस काय?” मांगाड म्हणजे गर आटवून केलेला आंब्याचा जाम. आटवताना मानकुरादचा तो ताजा, देठाजवळचा वास उडून गेला होता आणि मुरंब्यासारखा शिजका वास आला होता. मांगाडासाठी मुसराद जातीचा आंबा आटवणे ठीक आहे, कारण ते फळ त्याच कामाचे आहे. मानकुराद आटवू नये असे माझे आता पक्के मत झाले आहे. शिवाय आटवलेला गर साखरेच्या हिशेबात पुन्हा वरच्याच गटाकडे झुकतो. तिसरी वाटी त्यांनी संपवली. तुकडा दाताखाली फुटतो तेव्हा त्यातली गोडी एकदम जिभेवर येते. तीच गोडी सगळ्या रोसात एकजीव झाली की तितकी जाणवत नाही, हे त्या वाटीने मला शिकवले.

फ्रिजमधून काढल्यावर सपक लागण्याचे आणखी एक कारण खुद्द जिभेत आहे. पदार्थ जितका थंड तितकी गोडी कमी जाणवते, आणि आंबटपणा मात्र तेवढा कमी होत नाही. म्हणून ढवळताना गोड-आंबट तोल बरोबर वाटलेला रोस बर्फासारखा गार झाल्यावर आंबटाकडे कलतो. साखर घालणारा स्वयंपाकी हे जाणून दोन चमचे जास्त घालून ठेवतो. आपल्याला ते करायचे नसेल, तर रोस फार गार करू नये. माठातल्या पाण्याइतका थंड असला की पुरे. फ्रिजमधून काढून वीस मिनिटे बाहेर ठेवावा आणि मग वाढावा. मेच्या उकाड्यात एवढाही थंडावा पुरेसा सुखाचा असतो. आणि मीठ विसरू नये. सहा वाट्यांना दोन बोटांत येईल एवढीच चिमूट, खारटपणा कळता कामा नये, पण तिने गोडी वर येते. वेलची घालावी असे अनेकांनी सुचवले आहे. मला मानकुरादच्या वासावर दुसरा वास नको वाटतो, पण ही माझी आवड झाली.

तर सुधारलेली कृती अशी. सहा वाट्यांसाठी 600 ग्रॅम मानकुरादचा गर घ्यावा. त्यातला 400 ग्रॅम पळीने किंवा हाताने मोडावा आणि 200 ग्रॅमचे तुकडे ठेवावेत. मानकुरादला तंतू जवळजवळ नसतात, त्यामुळे गाळण्याची गरज नाही, आणि गाळू नयेच. ताज्या खवलेल्या नारळात कोमट पाणी घालून पिळलेला पहिला दाट रोस 200 मिलिलिटर, आणि वर सांगितलेली मिठाची चिमूट. हे सगळे हलक्या हाताने मिसळावे, मिक्सरमध्ये फिरवू नये. काही तापवायचे नाही. या मापाने एका वाटीत साधारण 15 ग्रॅम साखर येते आणि जवळजवळ सगळी आंब्याची असते. जुन्या कृतीत ती 22 ग्रॅमच्या वर जात होती.

अननसाविषयी आता. तो बिघाड आपल्या हातचा नाही. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे प्रथिने तोडणारे द्रव्य असते. जिलेटिन हे प्रथिनच आहे, तेव्हा ब्रोमेलेन त्याची जाळी बांधू देत नाही आणि मिश्रण कितीही वेळ ठेवले तरी पातळच राहते. दह्यातल्या प्रथिनांचेही ते तुकडे करते आणि त्यांतले काही तुकडे कडू असतात. आपल्याला लागलेला कडवटपणा तोच. परसातली पपई दुधात घातली की काही वेळाने दूध कडू होते ते याच जातीच्या द्रव्यामुळे, त्याला पपेन म्हणतात. उपाय सोपा आहे. अननसाचे बारीक तुकडे त्यांच्याच रसात, पाणी किंवा साखर न घालता, पाच मिनिटे चांगले उकळावेत आणि पूर्ण गार करून मगच दह्यात घालावेत. उष्णतेने ते द्रव्य निकामी होते. अननसाला ही थोडी उकळी मानवते, त्याचा वास आंब्यासारखा लगेच उडत नाही.

घट्ट करण्यासाठी मात्र मी जिलेटिनऐवजी चायना ग्रास सुचवीन. जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात, त्यामुळे शिवराक जेवणात ते चालणार नाही, आणि मे महिन्यात आपल्या ओसरीवर ठेवलेली जिलेटिनची वाटी वाढून होईपर्यंत ओघळायला लागते. चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळापासून होते, अननसाच्या ब्रोमेलेनचा त्यावर परिणाम होत नाही, आणि एकदा घट्ट झाले की आपल्या उन्हाळ्याला दाद देत नाही. ते पाण्यात भिजवून, उकळून, पूर्ण विरघळल्यावरच वापरावे. नुसत्या गरम पाण्यात टाकले तर गुठळ्या राहतात.

आज्या-पणज्यांच्या प्रश्नाने मला थोडे वाईट वाटले, कारण माझ्या लेखातून त्यांच्याबद्दल अनादर दिसला असेल तर तो माझ्या मनात नव्हता. त्यांचे काही चुकले नव्हते. माडाची सूर, म्हणजे माडाचा रस, आटवून केलेले ते काळसर गोड, म्हणजेच माडाचा गूळ, धोदोल, मणगणे अशा पक्वान्नांत घालायचेच असते. त्याचा धुरकट, दाट वास हाच त्या पदार्थांचा प्राण आहे, आणि तिथे त्याला काढून दुसरे काही घालावे असे मी कधीच म्हणणार नाही. माडाची सूर काढणारे रेंदेर कमी होत चालल्यामुळे खरे माडाचे गोड मिळणेच कठीण झाले आहे, ते मिळेल तेव्हा अशा पदार्थांसाठी राखून ठेवावे. पण तोच वास मानकुरादवर घातला तर मानकुराद हरवतो. मी ते करून पाहिले आहे, आणि पातेल्यात आंबा कुठला होता हे ओळखता येईना.

शिवाय फळाच्या स्वतःच्या गोडीवर भरवसा ठेवणे ही बाहेरून आलेली टूम नाही. माझ्या माहेरी आंब्याची साठे घालायची, ती केवळ गर ताटावर पसरून, एक थर वाळला की त्यावर दुसरा, अशी उन्हात वाळवत. साखर घालणारी घरेही होती, पण आमच्या घरी घालत नसत, कारण त्यासाठी शेवटचे, पिकून सुरकुतलेले आंबे राखलेले असत. रसाळ फणसाच्या सांदणांचेही तसेच. फणस पूर्ण पिकलेला असेल तर तांदळाच्या रव्यात गूळ घालावा लागत नाही, कमी पिकलेला असेल तर घालतात. गूळ किती घालायचा हे फणस चाखून ठरायचे, आणि मला वाटते आपल्या आजीनेही तसेच ठरवले असेल. मापांचे आकडे लिहिणाऱ्या माझ्यासारखीने हे आधी सांगायला हवे होते.

आता रविवार. बारा जणांसाठी वरची मापे दुप्पट करा, म्हणजे 1200 ग्रॅम गर. साल आणि कोय जाऊन एवढा गर मध्यम आकाराच्या नऊ-दहा मानकुरादांतून निघतो, पण एखादा आतून बिघडलेला निघतोच, म्हणून बारा घ्या. नारळ तीन लागतील. आंबे गुरुवारी थोडे कडक असतानाच आणून तणात घाला. रोस रविवारी सकाळी पिळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. वर साय आल्यासारखा थर जमेल, तो टाकायचा नाही, ढवळून एकजीव करायचा. आंबे जेवणाआधी दोन तासांच्या आत कापा आणि तेव्हाच मिसळा. नारळाचा ताजा रोस या हवेत बाहेर राहिला तर तीन तासांत आंबूस होतो, तेव्हा उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. शनिवारी रात्री प्रत्येक आंबा देठाशी हुंगून पाहा. वास आला नसेल तर खजूर, गूळ, साखर यांपैकी काही घालून वेळ मारून नेऊ नका. त्या आंब्यांना आणखी दोन दिवस तणात राहू द्या आणि रविवारी पाहुण्यांपुढे काप्या फणसाचे गरे ठेवा.